सूर्याची वीज आणि जागेचा हक्क : दिल्लीच्या ऊर्जापालटाचा सामाजिक हिशेब

१. प्रास्ताविक

दिनांक १५ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील बदरपूर औष्णिक विद्युत् केंद्र कायमचे बंद करण्यात आले. १९७३ साली त्याचा पहिला संच सुरू झाला होता. पुढे पाच संच मिळून त्याची स्थापित क्षमता ७०५ मेगावॅट झाली. त्याआधीच यमुनाकाठचे इंद्रप्रस्थ केंद्र २००९-१० च्या सुमारास आणि राजघाट केंद्र २०१५ मध्ये थंडावले होते. त्यामुळे बदरपूरची धुराडी विझली तेव्हा दिल्ली राज्याच्या हद्दीत कोळसा जाळून वीज निर्माण करणारे एकही केंद्र उरले नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणारी दादरी आणि झज्जर येथील केंद्रे मात्र त्यानंतरही चालू राहिली. तेव्हा दिल्लीने कोळसा सोडला असे म्हणण्यापेक्षा तिने कोळशाची धुराडी वेशीबाहेर ठेवली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. तथापि, या शहराचे पाऊल कोळशाकडून सूर्याकडे वळले आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

या पालटाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. हवा किती निवळली, हा एक प्रश्न; आणि विजेचे युनिट किती रुपयांना पडले, हा दुसरा. दोन्ही महत्त्वाचे आहेत. परंतु समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यापुढचा तिसरा प्रश्न विचारावा लागतो : या नव्या विजेचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तिची किंमत कोण मोजतो? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९८१ साली भारत सरकारने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी एक आयोग नेमला. १९८२ मध्ये ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ या नावाचे खाते निर्माण झाले, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्या मंत्रालयाच्या नावात ‘अपारंपरिक’ याऐवजी ‘नवीन आणि नवीकरणीय’ ही विशेषणे आली. वस्तुतः ‘अपारंपरिक’ हा शब्द आपल्या अनुभवाला धरून कधीच नव्हता. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण घालणारी गृहिणी, कोकणातील मिठागरे पिकवणारा आगरी, खळ्यावर धान्य वाळवणारा शेतकरी हे सारे सूर्याचीच ऊर्जा वापरीत आले आहेत. आपल्या दृष्टीने अपारंपरिक होता तो कोळशाचा विद्युत्संच. मात्र वाळवणाच्या उन्हात आणि आजच्या सौर विजेत एक मोठा फरक आहे. अंगणातल्या उन्हाला मीटर नव्हता आणि ते विकता येत नव्हते. आज ते विकता येते. आणि जी वस्तू विकता येते तिच्या मालकीचा प्रश्न उपस्थित झाल्यावाचून राहत नाही.

ऊन कोणाच्याच मालकीचे नाही हे खरे. पण ऊन ज्यावर पडते ती जागा कोणाच्या तरी मालकीची असते. कोळशाच्या विजेला इंधन लागते, आणि ते खणण्यास, वाहण्यास व जाळण्यास माणसे लागतात. सूर्याच्या विजेला इंधन लागत नाही. तिला जागा लागते. मोकळ्या जमिनीवर एक मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाला साधारणपणे चार ते पाच एकर भूमी लागते, तर घरगुती एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट गच्ची. म्हणून ऊर्जेचे साधन पालटते तेव्हा तिच्या अर्थव्यवस्थेचा आधारही पालटतो : तो श्रमावरून स्थावर मालमत्तेवर येतो. दिल्लीतील ऊर्जापालटाचे बहुतेक सामाजिक परिणाम या एका गोष्टीतून उलगडतात, असे मला वाटते.

२. श्रमाची बाजू

बदरपूरच्या केंद्रात जो कोळसा जळे तो झरियाच्या खाणपट्ट्यातून येई. तो खणणारा मजूर, मालगाडी चालवणारा रेल्वे-कर्मचारी, वाघिणी रिकाम्या करणारा हमाल, भट्टीवरचा कामगार, राख वाहणारा ट्रकचालक आणि फाटकाबाहेरचा चहावाला, अशी एक लांब साखळी त्या कोळशावर जगत असे. या साखळीतील सर्वांची स्थिती सारखी नव्हती. सार्वजनिक कंपनीच्या कायम सेवकाची एक केंद्र बंद झाल्यास दुसरीकडे बदली होऊ शकते. कंत्राटी मजुराला आणि चहावाल्याला बदलीचा हुकूम येत नसतो. केंद्र बंद होण्याचा आर्थिक आघात अशा रीतीने वरून खाली जाताना हलका होत नाही, उलट जड होत जातो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. केंद्राजवळच्या वस्त्यांतील श्रमिक कुटुंबांनाच धूर आणि राखेच्या तळ्यांवरून उडणारी धूळ सर्वांत अधिक सोसावी लागे. सुमारे ८८० एकरांच्या या राखेच्या भूमीवर उद्यान उभारण्याचे काम पुढे एनटीपीसीने हाती घेतले. म्हणजे रोजगार गमावणारे आणि श्वास परत मिळवणारे हे बव्हंशी एकाच थरातले लोक होत. एकीकडचे दान दुसरीकडच्या हानीने फिटते असे मात्र समजू नये. स्वच्छ हवेने घरभाडे देता येत नाही.

सौर प्रकल्पाच्या रोजगाराचे स्वरूप याहून भिन्न आहे. उभारणीच्या काळात खांब रोवणे, पट्ट्या बसवणे, तारा जोडणे यांसाठी पुष्कळ हात लागतात. पण उभारणी संपली की देखरेख, पट्ट्या धुणे आणि राखणदारी एवढेच काम उरते. गुरुग्रामजवळच्या ग्वाल पहाडी येथील राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ नावाने तंत्रज्ञ घडवण्याचा सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला आहे. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्याचा लाभ घेणारा आयटीआयशिक्षित तरुण आणि वाघिणी रिकाम्या करणारा पन्नाशीचा हमाल, ही दोन वेगळी माणसे आहेत. रोजगाराच्या एकूण आकड्यांची बेरीज केली असता हा भेद दृष्टीआड होतो.

कोळशाचा आधार सुटल्याचे परिणाम दिल्लीपुरते राहणारे नाहीत. कोल इंडियाच्या कायम सेवकांचीच संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाच्या हिशेबाने जवळजवळ निम्मा वाटा कोळशाचा असतो, आणि मालवाहतुकीच्या उत्पन्नातूनच प्रवासी भाड्यातील तूट भरून निघते. म्हणजे सोनीपत किंवा पलवलहून रोज लोकलने दिल्लीस कामाला येणाऱ्याच्या स्वस्त पासामागे काही अंशी कोळशाची वाघीण उभी आहे. महाराष्ट्रात चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र आणि वणी, उमरेड, चंद्रपूर या पट्ट्यातील खाणी यांभोवती जी गावे वाढली, त्यांनाही हा प्रश्न आज ना उद्या भेटणार आहे. बदरपूरचा अनुभव म्हणून आपणा मराठी वाचकांनाही परका नाही.

३. जमिनीची बाजू

दिल्ली राज्याचे क्षेत्रफळ अवघे १,४८३ चौरस किलोमीटर. दिनांक १९ जून २०२४ रोजी या शहराची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅट या तोवरच्या उच्चांकाला पोहोचली. इतकी वीज स्वतःच्या उन्हातून काढणे या शहराला शक्य नाही. मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या सौर धोरणातच याची कबुली आहे. २०२७ पर्यंत ४,५०० मेगावॅट सौर क्षमतेचे जे लक्ष्य त्यात ठेवले गेले, त्यापैकी शहरातील गच्च्यांचा वाटा ७५० मेगावॅट होता. उरलेले ३,७५० मेगावॅट राज्याबाहेरून यावयाचे होते. थोडक्यात, दिल्लीच्या सौर विजेचा मोठा भाग दुसऱ्यांच्या जमिनीवर निर्माण व्हावयाचा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्ली मेट्रोचे आहे. मध्य प्रदेशातील रीवा जिल्ह्यात ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुमारे १,५०० हेक्टरांवर उभा राहिला. २०१७ च्या लिलावात त्याचा पहिल्या वर्षाचा दर प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे निघाला. त्या काळी तो देशातील नीचांक होता. एप्रिल २०१९ पासून ही वीज दिल्ली मेट्रोला मिळू लागली आणि प्रकल्पातील सुमारे चोवीस टक्के वीज मेट्रोसाठी राखण्यात आली. स्वस्त आणि निर्धूर विजेवर चालणारी मेट्रो रोज लक्षावधी सामान्य प्रवाशांची वाहतूक करते. हा सामाजिक लाभ निर्विवाद आहे आणि तो केवळ धनिकांच्या वाट्याला जात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पण या दरात काय धरलेले नसते, हेही पाहिले पाहिजे. अशा प्रकल्पांसाठी बहुधा सरकारी पडीक जमीन निवडली जाते. ‘पडीक’ हा महसुली शब्द आहे. दप्तरात जी भूमी पडीक असते, ती गावाच्या व्यवहारात गायरान असते, सरपणाची जागा असते, पावसाळ्यात पाणी साठवणारी खोलगट भूमी असते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला मोबदला मिळतो. ज्याची केवळ वहिवाट आहे त्याला मिळत नाही. राजस्थानातील भडला येथे सुमारे ५,७०० हेक्टरांवर २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान झाले. जैसलमेर जिल्ह्यात ‘ओरण’ म्हणून राखलेल्या देवाच्या चराऊ रानांविषयी तेथील पशुपालकांनी जे आक्षेप घेतले, त्यांचे मूळ याच भेदात आहे. त्याच भागातील माळढोक पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. तो सरसकट अमलात आणणे व्यवहार्य नाही असे दिसल्यावर न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या निर्णयाने त्यात फेरबदल केला आणि त्याच निर्णयात हवामान-पालटाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. एका बाजूस माळरान व त्यावरचे जीवन, दुसऱ्या बाजूस सर्व देशाचे हवामान, असा हा पेच आहे. दोन्ही पक्ष निसर्गाच्याच नावाने बोलतात, म्हणून तो अधिक अवघड होतो.

मराठी वाचकाला येथे मुळशीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधण्यास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नेतृत्व त्याला लाभले. धरण थांबले नाही. सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली. या लढ्यातील एक गोष्ट आज विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांना मोबदला पुरेसा वाटला. जमीन कसणाऱ्या कुळांना तो पुरेसा वाटणे शक्य नव्हते, कारण जमिनीबरोबर त्यांचे जगणेच जात होते. मुळशीची वीज पाण्याची होती. आजच्या व्याख्येने ती नवीकरणीयच. तेव्हा ऊर्जा धूररहित आहे एवढ्यावरून ती न्याय्यही ठरते असे नाही, हा धडा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच घेतला होता.

४. गच्चीची बाजू

बाहेरच्या जमिनीचा प्रश्न असा आहे. पण शहराच्या पोटातही जागेचा प्रश्न सुटलेला नाही. येथे जमिनीची जागा गच्ची घेते.

गच्चीवरील सौर विजेची व्यवस्था ‘नेट मीटरिंग’ या पद्धतीने चालते. दिवसा घराला लागते त्याहून अधिक वीज तयार झाली तर ती वितरण कंपनीच्या तारांत जाते. रात्री घर त्याच तारांतून वीज घेते. महिनाअखेर दोहोंची वजाबाकी होऊन उरल्या युनिटांचे बिल येते. दिल्लीत २०१४ च्या विनियमांनी ही सोय झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जी ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली, तिच्यात तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. २०२५ मध्ये दिल्ली सरकारने त्यात तीस हजारांपर्यंत भर घातली. शिवाय राज्याच्या सौर धोरणाने तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटामागे पाच वर्षे तीन रुपये देऊ केले. असा संच महिन्याला साधारणपणे तीनशे ते साडेतीनशे युनिट वीज देतो.

ही सारी उत्तेजने ज्याला गच्ची आहे त्याला मिळतात. दिल्लीत गच्ची कोणाला असते? पूर्वी मध्यमवर्गीय घराच्या गच्चीवर ‘बरसाती’ नावाची एक खोली असे आणि तीत कित्येक विद्यार्थी, लेखक, नवोदित कारकून भाड्याने राहत. आता बहुतेक वसाहतींत जुनी घरे पाडून चार मजली इमारती झाल्या आहेत आणि मजलानिहाय विक्री होते. अशा विक्रीत गच्चीचा हक्क पुष्कळदा वरच्या मजल्याच्या मालकाकडे जातो. खालच्या तिघांच्या डोक्यावर ऊन पडत असले तरी त्यावर त्यांचा अधिकार नाही. भाडेकरूची तर गोष्टच निराळी : पाच-सहा वर्षांनी फेडले जाणारे भांडवल अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा मनुष्य कशाला गुंतवील?

याखालच्या थरात परिस्थिती अधिक बिकट होते. दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींच्या रहिवाशांना मालकी हक्क देण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायदा केला; परंतु कायदा होणे आणि घराघराचे दस्त नोंदले जाणे यांत मोठे अंतर असते. झोपडपट्ट्या हलवून बवाना, सावदा घेवरा अशा दूरच्या ठिकाणी ज्यांचे पुनर्वसन झाले, त्यांना १८ किंवा साडेबारा चौरस मीटरांचे भूखंड मिळाले. साडेबारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. तेथे एक किलोवॅटचा संच बसवला तर तीन-चतुर्थांश छप्पर त्याखाली जाईल. आणि तेच छप्पर उन्हाळ्यात त्या कुटुंबाचे शयनगृह असते, पाण्याची टाकी तेथेच असते, कपडेही तेथेच वाळतात.

वीजदराच्या रचनेने हा भेद आणखी रुंदावतो. दिल्लीच्या २०१९ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोनशे युनिटांना तीन रुपये, तर बाराशे युनिटांपुढे आठ रुपये असा चढता दर होता. ऑगस्ट २०१९ पासून महिना दोनशे युनिटांच्या आत वापर असणाऱ्यास बिल शून्य झाले. ही सवलत गरीब कुटुंबांना मोठा दिलासा देणारी आहे, यात शंका नाही. मात्र तिचा एक परिणाम असा की लहान ग्राहकाला सौर संच लावून वाचवण्यासारखे बिलच उरत नाही, आणि मोठ्या ग्राहकाचे मात्र सर्वांत महाग युनिट वाचते. अल्प वापराची स्वस्त वीज ही काही अंशी मोठ्या ग्राहकांच्या चढ्या दरातून आणि काही अंशी सरकारी तिजोरीतून भागवली जाते. मोठा ग्राहक जसजसा तारांवरचे अवलंबन कमी करील, तसतसा त्याच्याकडून येणारा वाटा आटेल. तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च तर कमी होणार नाही. शिवाय सूर्यास्तानंतरची मागणी भागवण्यास साठवण हवी. रोहिणी येथे २०१९ मध्ये दहा मेगावॅटचा आणि किलोकरी येथे २०२५ मध्ये वीस मेगावॅटचा विद्युत्घट-संच बसला तो यासाठीच. हा सामाईक खर्च उरलेल्या ग्राहकांवर पडला, तर ज्यांना गच्ची नाही ते गच्चीवाल्यांच्या रात्रीच्या विजेचा भार वाहतील. असे घडलेच पाहिजे असे नाही. पण दररचना जाणीवपूर्वक बदलली नाही तर प्रवाह त्याच दिशेने जाईल.

५. उपायांची दिशा

हे विवेचन नव्या ऊर्जेच्या विरोधातले आहे असा कोणी समज करून घेऊ नये. कार्तिक-मार्गशीर्षात दिल्लीत राहून ज्याने त्या हवेत श्वास घेतला आहे, तो कोळशाची भलावण करणार नाही. म्हणणे इतकेच की, दुखणे जर जागेच्या मालकीत असेल तर इलाजही तेथेच शोधला पाहिजे. असे काही इलाज उपलब्ध आहेत.

पहिला, गच्ची आणि लाभ यांची ताटातूट करण्याचा. एका ठिकाणी बसवलेल्या सामाईक संचाची वीज अनेक कुटुंबांच्या बिलांतून वजा करण्याची पद्धती दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये मान्य केली आहे. शाळा, बाजार, बसआगार यांच्या छपरांवरील संचात पुनर्वसन वसाहतींतील कुटुंबांना आणि भाडेकरूंना भाग देता येईल. घर बदलले तरी तो भाग त्यांच्याबरोबर नव्या मीटरवर नेता येईल. तरतूद आहे, तिचा कल गरिबांकडे वळवण्याची इच्छा हवी.

दुसरा, जमीन विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याचा. महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेचा आरंभ २०१७ मध्ये झाला. २०२३ च्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद झाली. दिल्ली सरकारनेही २०१८ मध्ये शेतकऱ्याला एकरी एक लाख रुपये वार्षिक भाडे देणारी योजना संमत केली होती, आणि नजफगडजवळच्या उजवा येथील कृषिविज्ञान केंद्रात उंच खांबांवरील सौर पट्ट्यांखाली पीक घेण्याचा प्रयोग झाला. भाडेपट्ट्यात जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु शेतमजुराची आणि गायरानावर गुरे चारणाऱ्याची दाद त्यातही लागत नाही. त्यासाठी प्रकल्पाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा ग्रामसभेला मिळाला पाहिजे, आणि वहिवाटीची नोंद जमीन ताब्यात घेण्यापूर्वी झाली पाहिजे.

तिसरा, केंद्र बंद करण्याचा दिवस आधी जाहीर करण्याचा. धुराडे कधी विझणार हे पाच-सात वर्षे अगोदर ठाऊक असेल, तर कंत्राटी कामगारांची यादी करता येते, त्यांना नवे कौशल्य देता येते आणि जे वयपरत्वे ते घेऊ शकत नाहीत त्यांच्या निर्वाहाची तजवीज करता येते. चंद्रपूरसाठी हा विचार आताच सुरू व्हावयास हवा.

तात्पर्य, ऊर्जेचा स्रोत बदलल्याने समाजातील विषमता आपोआप कमी होत नाही. ती फक्त नव्या ठिकाणी दिसू लागते. कोळशाच्या युगात ती खाणीच्या तोंडाशी आणि राखेच्या तळ्याकाठी दिसत होती. सूर्याच्या युगात ती गच्चीच्या दस्तऐवजात आणि महसुली दप्तरातील ‘पडीक’ या शेऱ्यात दिसते. मुळशीच्या कुळांना जे विचारले गेले नाही ते रीव्याच्या, जैसलमेरच्या आणि सावदा घेवऱ्याच्या रहिवाशांना आधी विचारले गेले, तरच या ऊर्जापालटाला ‘नवीन’ हे विशेषण खऱ्या अर्थाने लावता येईल.